ठरलं, तिन्ही शाखांत

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहिणार. मंडळाच्या मीटिंगमध्ये हात वर केला. वधू-वर मंडळ एक, शाखा तीन, आणि प्रत्येकीची यादी वेगळी. गिरगावला जुन्या कॉम्प्युटरवर एक्सेल, दादरला कुणाच्या तरी भाच्याने केलेलं ॲप, परळला गूगल शीट. नंबर बदलला की दादरला कळतो, गिरगावला नाही. म्हटलं, तिन्ही जोडून देतो. एकीकडे बदललं की सगळीकडे बदलेल, म्हणजेच सिंक. पंधरा दिवस खूप झाले. सेक्रेटरी मनमोहनकाका म्हणाले, यतीन, आधी स्वतःचं जमव. सगळे हसले. मीही हसलो. चाळीस हे काही वय नाही.

५ नोव्हेंबर
नियम ठरवला. तीन ठिकाणी तीन गोष्टी असतील तर सगळ्यात नवीन नोंद खरी. एकदम सोप्पं. आईला समजावलं. ती म्हणाली, मेथी निवड.

९ नोव्हेंबर, रविवार
परळच्या मेळाव्यात मेघना भेटली. करी रोडला राहते, बँकेत आहे. चहा घेतला. मी सिंक समजावलं. अर्धा तास ऐकत होती! माझं एवढं आजवर कुणी ऐकलेलं नाही. म्हणाली, तुम्ही विचार करा, मीही करते. नंबर देऊ का म्हणाली. म्हटलं, गरज नाही, सिस्टिममध्ये आहे. दोनदा कशाला लिहायचा? ती बघतच राहिली. इम्प्रेस झाली असावी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गिरगाव ऑफिसात सिंक चालू केलं. टेस्टला दुसऱ्याच्या नावाशी खेळ नको, म्हणून स्वतःचं घेतलं. 'शोध चालू' काढून 'ठरलं' टाकलं. थोडं खोटं आहे, पण किती दिवस? मेघना हो म्हणणारच. बघता बघता दादरला ठरलं, परळला ठरलं. डोळ्यांत पाणी आलं.

१६ नोव्हेंबर
परळहून परत 'शोध चालू' केलं. थोड्या वेळाने बघतो तर 'ठरलं'. परत बदललं. परत ठरलं. दादरहून केलं. ठरलं. किरकोळ बग आहे.

२० नोव्हेंबर
सापडलं! गिरगावच्या कॉम्प्युटरवर पुढचं वर्ष चालू आहे. काकांनी कधीतरी घड्याळ लावताना माती खाल्ली. सिंक चालू करताना तिथल्या सगळ्या नोंदींवर तीच तारीख पडली, त्यामुळे तिथली नोंद कायम सगळ्यात नवीन. ताबडतोब घड्याळ बरोबर केलं आणि ऐटीत 'शोध चालू' टाकलं.
ठरलं.
अरे देवा. माझी नोंद पुढच्या नोव्हेंबरची, आणि घड्याळ आता आजचं. काहीही लिहिलं तरी ते जुनंच. घड्याळ परत बिघडवायला गेलो तर काका म्हणाले, नीट झालंय, आता हात लावायचा नाही. वर त्यांनी पासवर्डही टाकला. नियम बदलायला कमिटी लागते. कमिटी जानेवारीत.

२२ नोव्हेंबर
सरळ मेघनाला फोन करून सांगू म्हटलं. नंबर काढला. तिचा मोबाईल नंबर गायब! तिन्ही ठिकाणी गिरगावच्या यादीतलाच, तिच्या घरच्यांच्या करी रोडच्या पाडलेल्या चाळीतला लँडलाइन. पत्ताही चाळीचा. आणि तिने ॲप उघडलं की माझ्या नावापुढे काय दिसत असेल?

२३ नोव्हेंबर, रविवार
करी रोडला गेलो. चाळीच्या जागी टॉवर. वॉचमनने फ्लॅट नंबर विचारला. मी म्हटलं, मेघना. तो म्हणाला, साहेब, अशा चार आहेत. म्हटलं, चौघींना इंटरकॉम लावा. तो उठून उभा राहिला. समोरच्या टपरीवर चार चहा प्यायलो. ती दिसली नाही. फार वाईट वाटलं.

२९ नोव्हेंबर
परळ शाखेच्या श्रेयाताईंनी अभिनंदन केलं. म्हणाल्या, मेघना येऊन विचारत होती, यतीनचं खरंच ठरलं का. मी म्हटलं, काय सांगितलंत? म्हणाल्या, उगाच कसं सांगेन? तिन्ही शाखांत बघून खात्री करूनच हो म्हटलं. तिचा नंबर मागितला. म्हणाल्या, आम्ही आता वेगळा ठेवतच नाही, तुम्हीच म्हणालात ना, सगळं सिस्टिममध्ये आहे.

२ डिसेंबर
आनंदाची बातमी! मेघनाच्या नावापुढे अजून 'शोध चालू'. तिन्ही ठिकाणी. म्हणजे थांबली आहे. रविवारी परळच्या मेळाव्याला येईलच. निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

७ डिसेंबर, रविवार
आली. पेढे घेऊन आली. फेब्रुवारीत लग्न, मुलगा ठाण्याचा. म्हणाली, बरं झालं तुम्ही भेटलात. मी स्वतः तीनदा 'ठरलं' टाकलं, पण सारखं 'शोध चालू' होतंय, सासरचे विचारतात, तेवढं करून द्याल का? म्हटलं, पंधरा दिवसांत करतो.
मग म्हणाली, तुमचं कधी?
मी म्हटलं, हॉल मिळत नाहीये.