गओला

ता. ३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. इकडे गावात धर्मयुद्ध पेटलं आहे आणि मी रंगाचे डबे सांभाळत जीव मुठीत धरून फिरतो आहे.

झालं असं, की बोळातल्या थिएटरात एक माहितीपट लागला आहे. त्यात म्हणे आपल्याच प्रार्थनागृहाचं बिंग फोडलंय. फार पूर्वी एका गुप्त पंथाने मूळ धर्मग्रंथ पळवून तिथे खोटा आणून ठेवला, आणि आजचे विश्वस्तही त्याच पंथाचे आहेत म्हणे. पुरावा काय, तर मागच्या अंगणातल्या खांबाच्या बुंध्याशी असलेली पुसट लाल अक्षरं: ‘ग ओला’. पडद्यावर ती भिंतीएवढी दिसतात. एक दाढीवाले संशोधक समजावून सांगतात की ‘ग’ म्हणजे गुप्त, ‘ओ’ म्हणजे ओळख, आणि ‘ला’चा अर्थ ज्यांना कळला ते परत आले नाहीत. माझ्या तर अंगावर काटा आला.

पहिल्याच खेळाला दाताचे डॉक्टर उभे राहिले आणि हे सगळं थोतांड आहे असं ओरडले. त्यावर शिंपीमास्तर म्हणाले, की तुम्ही बसवलेल्या कवळ्यांपेक्षा तरी खरं आहे. तेव्हापासून मानणारे डावीकडे बसतात, न मानणारे उजवीकडे. दारवानाने मधल्या खुर्च्या दोरी बांधून रिकाम्या ठेवल्या आहेत. तिथे एकच माणूस बसतो. आपले नाना.

हो, नानाच! आई गेल्यापासून ज्यांनी खिडकीजवळची खुर्ची सोडली नाही, हो-नाहीच्या पुढे शब्द काढला नाही, तेच. तुझ्या भावजयीने त्यांना जरा मन रमेल म्हणून ओढून नेलं होतं. आता रोज स्वतःहून दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट चढवतात आणि जाऊन तावातावाने भांडतात. आनंद मानू की डोकं धरून बसू, तूच सांग.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ गुप्त न ठेवता पत्राने उघड करावा, ही विनंती.

तुझा
धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वर्तमानपत्रात तुमच्या त्या खांबाचा फोटो आला. टपाल कचेरीत लोकांचे गचाळ पत्ते लावण्यात माझा जन्म चाललाय, तेव्हा अक्षर मला कोणी शिकवू नये. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

अरे शहाण्या, ते तूच लिहिलं आहेस! मिस्त्रींच्या हाताखाली नवीन लागलास तेव्हा पहिलं काम त्या अंगणातलंच मिळालं होतं ना? पाटी आणायचा कंटाळा केलास आणि खांबावरच खरडलंस, ‘रंग ओला आहे’. बाकीचं उडालं, मधलं राहिलं. त्या ‘ल’ची शेपूट बघ, कशी वर जाऊन मांजरीच्या शेपटीसारखी वळली आहे. त्या शेपटीपायी शाळेत कितीदा कान पिळून घेतलेस! आणि आता स्वतःच्याच अक्षराला घाबरतोस? हसून हसून माझं पोट दुखलं. भाऊजींना वाटलं मला काहीतरी झालं.

पण चेष्टा पुरे. इतक्या दिवसांनी नाना माणसांत आले आहेत. उद्या हे बाहेर फुटलं तर सगळं गाव त्यांना हसेल, आणि ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील ते कायमचेच. बाहेरून कळण्याआधी तू सांग. गोड बोलून, नीट, पण सांग.

माझा जीव तिकडे लागला आहे. उत्तर लवकर धाडून तो जागेवर आणावा.

तुझी
ताई


ता. १७ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी दाराला दोन-दोन कड्या लावून झोपत होतो, हे भाऊजींच्या कानावर घालू नकोस. जन्मभर चिडवतील.

नानांचं काही समजेनासं झालं आहे. सोमवारी ते डावीकडून बोलले. शिंपीमास्तर इतके खूश झाले की त्यांना गुरुजीच म्हणायला लागले. मंगळवारी नानांनी उजवीकडून बोलून त्याच मास्तरांची बिनपाण्याने केली. वाद थंडावला की हे हळूच काडी टाकतात. थिएटरवाल्याची मात्र चंगळ आहे. गर्दी ओसरली असती तर तो दुसरा चित्रपट लावणार होता. एक गंमत अशी, की ती अक्षरं पडद्यावर आली की नाना एकदम गप्प होतात. तेव्हा कोणी खोकलं तरी डोळे वटारतात.

त्यातच विश्वस्तांनी बोलावणं धाडलं. रोजची कटकट नको म्हणून तो खांब रंगवून टाकायचा आहे, आणि रंगारी कोण, तर मी! मग मात्र माझा धीर सुटला. जेवताना नानांना सगळं सांगून टाकलं, पाटीच्या कंटाळ्यासकट. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खांब कधी रंगवणार, एवढंच विचारलं. मग ताट तसंच सोडून खिडकीजवळ जाऊन बसले.

आज ते थिएटरला गेले नाहीत. दाढीही केली नाही. ताई, मी हे काय करून बसलो ग?

तुझा
धाकटा


ता. १८ मार्च

चि. सौ. मोठीस,
अ. आ.

म्हातारा पुन्हा खुर्चीत बसला, असं धाकट्याने तुला कळवलंच असेल. त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणून मी स्वतः लिहायला घेतलं.

ते अक्षर त्याचं, हे मला पहिल्याच खेळाला कळलं होतं. पंथ वगैरे सब झूठ. त्या संशोधकाला मी माझी छत्री शोधायलाही लावणार नाही. पण बाळ, तो ‘ल’ तुझ्या आईचा आहे. धाकटा कांजिण्यांनी घरी पडून होता, तू शाळेत जायचीस. तेव्हा तिने त्याला पाटीवर अक्षरं शिकवली. एरवी ती लिहायला लाजायची. तिच्या ‘ल’च्या शेपटीला मीच एकदा हसलो होतो, त्यानंतर तिने कागदाला हात लावला नाही. घरात तिच्या हातची एक ओळ नाही. आणि इथे तिचा ‘ल’ भिंतीएवढा, ढळढळीत! मी जाणार नाही तर काय करीन?

माहितीपट टिकायचा तर भांडण टिकायला हवं. म्हणून मी दोन्हीकडून भांडलो. फार मजा आली, खोटं कशाला बोलू.

खांब रंगवला की भांडण मिटेल, माहितीपट उतरेल आणि तिचा ‘ल’ही जाईल. तरी आता धाकट्याने खांब रंगवावा. त्याचं काम आहे. यातलं काही त्याला कळवू नकोस, उगीच त्याचा हात थरथरेल.

जावईबापूंना आशीर्वाद सांगावा आणि म्हाताऱ्याची आठवण अधूनमधून झटकून ठेवावी.

नाना


ता. २६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कळवू नकोस म्हटल्यावर तू नानांचं पत्रच पाकिटात घालून पाठवलंस! ते परत धाडतो आहे, जपून ठेव. मी ते वाचून कोठीत जाऊन रडलो आणि बाहेर येऊन नानांना म्हटलं की चला, अंगणात मदतीला कोणी नाही.

काल खांब पिवळाधमक रंगवला. नाना स्टुलावर बसून चुका काढत होते. खांब झाल्यावर मी लाल डबा उघडला आणि खालच्या दगडी चौथऱ्यावर ठळक लिहिलं, ‘रंग ओला आहे’. पाटी होती बरं का जवळ. ‘ल’ला मात्र नानांनी दोनदा पुसायला लावलं. शेपूट सावकाश वर ने, तुझी आई घाई करत नसे, म्हणाले.

संध्याकाळी दोन्ही बाजूंचे लोक आले. एवढं स्वच्छ लिहिलेलं, पण एकाचाही विश्वास बसला नाही. ही निव्वळ दिशाभूल आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि शिंपीमास्तरांनी चक्क मान डोलावली. मग खाली काय दडवलंय ते बघायला झाडून सगळ्यांनी खांबावर तळवे टेकले. नाना घसा फोडून सांगत होते की बाबांनो, खरंच ओला आहे, पण ते जितकं सांगत तितके लोक जास्त दाबून बघत. डॉक्टरांचं लग्न राहून गेलं होतं, पण हात तेवढे काल पिवळे झाले. मला मात्र खांब पुन्हा रंगवावा लागणार आहे.

सगळे गेल्यावर नाना वाकले आणि त्यांनी त्या ‘ल’ची शेपूट बोटाने हलकेच गिरवली. घरी आल्यावर तुझी भावजय टर्पेंटाइनचं फडकं घेऊन पुढे आली, तर राहू दे म्हणाले. आज गावभर पिवळे हात फिरताहेत, आणि नानांचं एक बोट लाल आहे. त्या बोटाला फेस लागू न देता त्यांनी सकाळी दाढी केली.

लोभ असाच ओला राहावा, वाळू देऊ नये, ही विनंती.

तुझा
धाकटा