जागच्या जागी घाट

मंगळवार, ९ जानेवारी
दुपार

प्रिय पंक्चर,

रागावली असशील, आणि ते बरोबरच आहे. तुझे निरोप पोचले, सगळे वाचले, आणि उत्तर द्यायला बसले की मी नकाशाच उघडायचे. फोनही उचलला नाही. पत्रात बरं असतं, तुला मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणता येत नाही. तुझ्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? आणि लेकीने खरंच तुझ्या हेल्मेटमध्ये माती भरून रोप लावलं?

आधी आपल्या सायकल-सहलीच्या मार्गाचं सांगते, ते सोपं आहे. कॉलेजात असताना आपण शहराबाहेर पडायचो तो रस्ता विसर. जिथे थांबून पाणी प्यायचो तिथे फर्निचरची दुकानं झालीत, त्यापुढे टोलनाका, त्यापुढे आमच्या इमारतीसारख्याच इमारती. संपलं असं वाटतं आणि परत तेच सुरू होतं. त्यातून गेलो तर पहिला दिवस ट्रकांचा धूर खाण्यात जाईल. म्हणून सायकली टेम्पोत टाकून धरणापर्यंत जायचं आणि कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्याने सुरुवात करायची. तिथून थेट डोंगर. पहिला मुक्काम जंगलखात्याच्या विश्रामगृहात, पुढचा खिंडीखालच्या वस्तीवर. लांब उतार अगदी शेवटी ठेवलाय, तोवर तुझा गुडघा माझ्याशी बोलायचा बंद झाला असेल. पाणी कुठे मिळेल, सावली कुठे नाही, सगळं काढून ठेवलंय. उगाच नकाशेबाई म्हणत नाहीस मला.

सरावही चालू आहे. रोज घाट चढते. फक्त सायकल बाबांच्या खोलीत स्टँडवर आहे, आणि मागचं चाक जमिनीला टेकत नाही.

आता हे सांगायलाच हवं.

गेल्या वर्षी बाबा फिरून परत येताना शेजारच्या इमारतीत शिरले. तसाच जिना, तसाच मजला, तसंच दार. किल्ली लागेना. दार उघडणाऱ्या बाईंनाच त्यांनी दरडावून विचारलं, माझ्या घरात तुम्ही कोण? त्या भल्या होत्या, चहा देऊन आणून सोडलं. मी हसण्यावारी नेलं. मग ते होतच राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटं सोडू नका. मी ऑफिसातून घरून काम मागून घेतलं.

बाबा सूतगिरणीत सुपरवायझर होते, तुला माहीतच आहे. तेव्हाचं घर गिरणीच्या भिंतीला लागून होतं. यंत्रं थांबली की ते झोपेतून उठायचे. एका दुपारी मी त्यांच्या खोलीत सायकल चालवत होते, तर कितीतरी दिवसांनी ते गाढ झोपले. मी थांबले तशी उठून बसले. "धागा तुटला का गं?" म्हणत चपला शोधायला लागले, दाराकडे निघाले. मी परत पॅडल मारलं. ते येऊन आडवे झाले. डोळे मिटूनच म्हणाले, "चालू आहे ना?"

"चालू आहे, बाबा."

तेव्हापासून हेच. ते झोपतात, मी चालवते. समोर दुसऱ्या इमारतीतली, आमच्या खिडकीसारखीच खिडकी. तिथल्या आजी कधीकधी मला हात करतात. त्यांना वाटत असेल, काय हौस आहे बाईला. हे पत्रही हँडलला फळी बांधून लिहितेय. अक्षर हललंय ते त्यामुळे, वयावर जाऊ नकोस.

धाकटा भाऊ आपल्या सहलीपुरता येऊन राहायला तयार आहे. रजा काढतो म्हणाला. स्वयंपाक येतो त्याला, औषधं कळतात. पाठीच्या ऑपरेशनमुळे सायकल तेवढी जमणार नाही. तर त्यालाच सुचलं, "ताई, चाकाचा आवाज रेकॉर्ड करून लाव की. त्यांना काय कळणार?"

मी अशी उखडले की त्याने फोनच ठेवला. बाबांना फसवायचं नाही, असं मी म्हणाले. मग मी रोज काय करते? गिरणी कधीच बंद पडली, तिथेही इमारती आल्या, आणि मी "चालू आहे" म्हणते.

मग चिडले कशाला, हे स्वतःला विचारत होते, म्हणून तुला उत्तर नव्हतं. रेकॉर्डिंग नाही चाललं तर मी इथेच, त्याची सवय झालीय. पण चाललं तर? फोनच्या आवाजावरही ते तसेच शांत झोपले तर? मग इतके महिने मी या सीटवर कुणासाठी बसले होते? आणि अडकलेय, अडकलेय म्हणून ज्यांच्यावर मनातल्या मनात चिडत आले, त्या बाबांकडे कोणत्या तोंडाने बघू?

भ्याले आहे गं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

तू तारीख विचारली होतीस. परवा कळवते, हो किंवा नाही. पाय दुखायला लागलेत, बाबा अजून झोपलेत, म्हणून इथेच आवरते.

अजून न निघालेली,
तुझी नकाशेबाई

उद्या: फोन चाकाजवळ ठेवून आवाज घेणे. तो बाबांच्या उशाशी लावणे. मग पाय थांबवणे.