जोडेगोटा

बाबा, काढायचीच होती तर चप्पल पिशवीत घालायची होती. शर्टाच्या आत दाबायची होती, कोणाला दिसलं नसतं. तुम्ही ती हातात धरायचे. बरं, खाली लोंबती धरावी, तर तेही नाही. हात कोपरात वाकवून पार छातीपर्यंत वर, जसं काही आत्ताच दुकानातून नवी घेतली आणि सगळ्या चौकाला दाखवायला निघाले. एका खांद्यावर नळाचे व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी, दुसऱ्या हातात चप्पल, आणि तुम्ही गढीसमोरून अनवाणी चाललेले. टेलरचाचाच्या दुकानात बसलेली माणसं पाहायची, बार्शीटाकळीच्या एसटीसाठी उभ्या राहिलेल्या बाया पाहायच्या, माझ्या सोबतची पोरं तर मला ढोसून ढोसून दाखवायची. हे सगळं मी तुम्हाला तुम्ही असतानाच बोललो होतो, नवीन काही नाही. तुम्ही म्हणायचे, "तुले नाई समजत, जाय." नाही समजत. तुम्ही जाऊन बारा-तेरा वर्षं झाली तरी हे भांडण माझ्या अंगातून गेलेलं नाही, आणि आता तर गावानंच ते उकरून काढलं आहे.

त्याआधी इथली गोष्ट सांगतो. मी सौदीत दम्मामला क्रेनच्या यार्डात रिगर आहे, म्हणजे उचलायच्या वस्तूला पट्टे बांधणारा. सुरतला राहिलो, चाकणला राहिलो, कुठं वर्षाच्या वर टिकलो नाही. इथं टिकलो, कारण इथून मनात आलं की सुटता येत नाही. खोलीत माझ्या वरच्या पलंगावर करीमनगरचा एक जण आहे. त्यानं एका शुक्रवारी मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. घोड्यावर बसलेला कोणी सेनापती, काळ्या माणसांना गुलाम ठेवता यावं म्हणून जे लढले त्यांच्याकडचा, आणि त्याचा पुतळा क्रेननं चौथऱ्यावरून उचलून राहिले. रस्त्याच्या एका बाजूला लोक टाळ्या वाजवतात, दुसऱ्या बाजूला काही जण रडतात, आमचा इतिहास नेला म्हणतात. आम्ही दोघं मात्र पट्टे पाहत होतो, घोड्याच्या पोटाखालून नीट घेतलेत का. मग कॅमेरा फिरला आणि गर्दीत एक म्हातारा काळा माणूस दिसला. तो टाळ्या वाजवत नव्हता आणि ओरडतही नव्हता, रिकाम्या चौथऱ्याकडं पाहत नुसता उभा होता. मी म्हटलं, थांब, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. आणखी एकदा लाव म्हटलं, तर तो म्हणाला, "क्या हुआ, पहचान का है क्या?"

मग त्याला जोडेगोटा सांगावा लागला. आमच्या गावात गढी आहे, गढीच्या दरवाज्यासमोर चौथऱ्यावर रावसाहेबाचा पुतळा आहे, फेटा आणि हातात छडी. पुतळ्याच्या बाजूला गुडघ्याएवढा काळा गोटा. खालच्या पुऱ्यातला, म्हणजे आमच्या वस्तीतला माणूस त्या गोट्यापाशी आला की त्यानं पायातलं काढायचं, डोक्यावर घ्यायचं, गढीची भिंत संपून निंबाचं झाड आलं की मग घालायचं. बाई असो की म्हातारा असो. "अभी भी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, आता कोणी नाही, कधीचं बंद झालं. आणि का कोण जाणे, पुढं म्हणालो, "मेरा बाप निकालता था." "किसी ने बोला था निकालने को?" "नहीं. कोई नहीं बोलता था." त्यावर त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तर यंदा पुऱ्यातल्या पोरांनी पंचायतीत अर्ज दिला. गोटा काढा, पुतळा चौकातून हलवा. अर्ज दिल्याबरोबर गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोंडाला तोंड लागलं. कोणी लिहिलं, रावसाहेबानं विहीर दिली, शाळेला खोल्या दिल्या, ते विसरायचं काय? कोणी लिहिलं, विहीर खणली कोनं अन् पानी पेलं कोनं, तेही सांगा ना भाऊ. एक म्हणे, इतिहास पुसता येत नाही. दुसरा म्हणे, इतिहास पुस्तकात ठेवा ना, रस्त्यात कायले पायजे ठेच लागाले? टेलरचाचानं आवाज पाठवला, "अरे बेटा, गोटा ले गए तो मेरे गिऱ्हाइक कहां बैठेंगे? पैले एक बाकडा दो, फिर जो उठाना है उठाओ." तेवढ्यावर मात्र दोन्ही बाजूंचे हसले. आणि मी? मी इकडून सगळ्यात जोरात. उखडून फेका, नाल्यात टाका, कोण अडवते ते पाहून घेऊ. समुद्राच्या अलीकडून माणूस फार शूर असतो, बाबा.

मग रावसाहेबाचे नातू बोलले. तेच, अमरावतीला ज्यांचे कोचिंग क्लास आहेत, गावात सगळे दादा म्हणतात ते. शिव्या नाहीत, चढा आवाज नाही, एकदम मऊ. "जबरदस्ती होती असं आज म्हणणं सोपं आहे. पण आपले पाणीवाले बाबा आठवा. त्यांना कोण सांगत होतं चप्पल काढायला? कायदा त्यांच्या बाजूनं होता, सरपंच त्यांच्या बाजूचा होता. तरी ते रोज काढायचे. ह्याला श्रद्धा म्हणतात. निदान त्या माणसाच्या भावनेचा तरी मान ठेवा." तुमचे पाय त्यांनी आपल्या बाजूनं साक्षीला उभे केले, बाबा, आणि कोणाला त्यावर बोलता येईना. मग एकेकानं मला वेगळं लिहिलं. तुहा बाप होता, तू सांग. तुले मालूम असन.

मले मालूम होतं. त्या दिवसापासून मालूम आहे. मी सोळा वर्षांचा असेन, चौकात पोरांनी मला काहीतरी बोलून डिवचलं होतं, आणि तुम्ही आले, गोट्यापाशी थांबले, वाकले. मी पळत आलो आणि तुमच्या हातातून चप्पल हिसकावली, तुमच्या पायासमोर आपटली. "घाला. आत्ताच्या आत्ता घाला." तुम्ही हलले नाही. मी खाली बसलो, तुमचा घोटा धरला आणि पाय चपलेत कोंबायला लागलो, बैलाला नाल ठोकताना पाय धरतात तसा. तुमचा तोल गेला. चावी खाली पडली, केवढा आवाज झाला. चाचाच्या दुकानात कोणीतरी हसलं. मी हसणाऱ्याकडं नाही, तुमच्याकडं रागानं पाहिलं.

संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी टाकते आहे, आंबाडीची भाजी आहे, तुम्ही ताट पुढं घेऊन बसले आहात आणि ताटात पाहूनच बोलता आहात. "मी सात-आठ वर्साचा असन. बापानं अकोल्याहून टायरच्या चपला आनल्या, पयल्याच. बकरी सुटली. मी तिच्या मांगं धावलो ते गढीपुढून, गोट्याचं ध्यानच नाई. मले कोनी मारलं नाई. गढीवाल्याइनं मायले बलावलं. माह्या चपला तिच्या डोक्यावर ठेवल्या अन् गोट्यापाशी उभी केली, ऊन उतरेपरेंत. मले म्हने, तू जाय बे, खेळ."

मी विचारलं, मंग?

"मंग काय. खेळलो."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग तुम्ही म्हणाले, "तवापासून तिथी आलो का पाय उचलत नाई. चप्पल काढली का चालता येते. पन डोक्यावर नाई घेत मी. हातात घेतो. सगळ्याइले दिसन अशी घेतो." म्हणजे माझ्या भांडणाचं उत्तर तुम्ही तेव्हाच दिलं होतं. मी ऐकलं, आणि काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, "पन आता कोन पाहून रायलं? घाला ना. गुलामच राहान तुमी." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि खाल्ला नाही. "माह्यानं नाई होत," म्हणाले. "तू घालून जाय."

पुढच्या वेळी अकोल्याला गेले ते माझ्यासाठी काळे बूट घेऊन आले. एक नंबर मोठे, पुढं कागद कोंबलेला. "हे घालून गढीपुढून जाय. मी टाकीवर उभा राहून पाहीन." ते बूट मी लग्नांना घातले, अकोल्याला सिनेमाला घातले, सुरतच्या गाडीत बसताना घातले. गढीसमोरून एकदाही नाही. शाळेमागची नाल्याची वाट आहे ना, तिनं जायचो, उशीर झाला म्हणून सांगायचो. तुम्ही टाकीवर किती सकाळी उभे राहिले असाल, मी कधी विचारलं नाही आणि तुम्हीही कधी विचारलं नाही. मागच्या सुट्टीत आलो तेव्हा पायात कंपनीचे बूट होते, आत लोखंडाची टोपी असलेले, दगड पडला तरी बोट वाचतं. तरी मी नाल्याच्याच वाटेनं गेलो. कोणी अडवणारं नव्हतं. तुमच्यापेक्षा मी वेगळा काय, ते तुम्हीच सांगा. तुम्ही निदान समोरून जात होते.

ग्रामसभा झाली. शेजारच्या काकूंची पोरगी आता पंचायतीत सदस्य आहे, तिनं भर सभेतून मला फोन लावला. इथं जेवणाची सुट्टी होती, मी कंटेनरच्या सावलीत डबा उघडून बसलो होतो. "भाऊ, स्पीकर लावला हाय," ती म्हणाली. "सगळे ऐकून रायले. तुहे बाबा काहून चप्पल काढत होते, तेवढं सांग." पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कोणी खोकललं. तिथं दादा होते, चाचा होते, ज्या पोरांनी मला ढोसलं ती पोरं आता स्वतः बाप झालेली होती, आणि मागं कुठंतरी आई होती. मला आजी दिसली. मी तिला कधी पाहिलं नाही, फोटोसुद्धा नाही, तरी दिसली, डोक्यावर एवढ्याशा चपला घेऊन. आणि ह्या सगळ्यांसमोर तिला पुन्हा उभी करायची, माझ्या तोंडानं, हे माझ्या जिभेवर येईना. लाज वाटली. ज्यांनी उभी केली त्यांची लाज वाटायला पाहिजे होती, ते कळतं. वाटली तिची.

मी म्हटलं, "सवय होती."

"बघा," दादा म्हणाले. हळूच म्हणाले, पण स्पीकरवर आलं. ती पोरगी "भाऊ?" म्हणाली, "भाऊ, आनखी?" मी नेटवर्क नाही म्हटलं आणि फोन ठेवला. नेटवर्क होतं.

ठरलं ते असं. पुतळा आहे तिथं राहील. गोटा हलवायला कोणाची हरकत नाही, पण पंचायतीकडं त्याची तरतूद नाही, ज्याला हलवायचा त्यानं खर्च करावा. पोरं म्हणाली, घण आणतो, फोडून टाकतो. तर आई उठली म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत उठली, आणि म्हणाली, "फोडू नोका. दिसला पायजे तो. पन आमच्या वाटेत नोको." म्हणून आता तो पंचायतीच्या आवारात ठेवतील आणि बाजूला पाटी लावतील, हा गोटा कशासाठी होता ते लिहून.

रात्री आईचा फोन आला. आधी जेवलास का, मग गाय व्याली, मग एकदम, "सवय म्हने. सवय बिडीची असते बापू. तुह्या बापाले बिडीची नोती, सुपारीची नोती, अन् ह्याची होती काय?" मी म्हटलं, मग तू उठली तेव्हा सांगायचं होतं ना. ती म्हणाली, "सांगाले काय, तोंडाशी आलं होतं. पन तू बोलून बसला होता. साऱ्या गावात लेकाले खोटं पाडू काय मी?" आणि फोन ठेवला. ती रागावली असती तर मला झोप लागली असती.

परवा त्या सदस्य पोरीचा निरोप आला. पाटीवर काय लिहायचं ते तूच लिहून पाठव भाऊ, तुमच्या घरचंच बरोबर राहील. मी हो म्हटलं. वही घेतली, लिहायला बसलो, शाळेतली भाषा आठवून आठवून, आणि पाटीऐवजी हे झालं, तुमच्या नावानं. हे कुठं पाठवणार? पाटीचं अजून एक अक्षर झालेलं नाही. तुमचं नाव लिहू की आजीचं, की कोणाचंच नाही, की नुसतं म्हणू की इथं पायातलं डोक्यावर घ्यायला लावत होते, मला ठरवता येत नाही. ठरवता येतं, खरं सांगू, हात पुढं जात नाही. गोटा कसा उचलायचा ते मात्र मी पोरांना फोनवर पूर्ण सांगितलं, पट्टे दोन घ्या, साखळी लावू नका, कोपरे तुटतील, खाली कोणी उभं राहू नका. ते सांगताना आवाज एकदाही अडला नाही. क्रेन अकोल्याहून बोलावली आहे, जाऊन-येऊन त्याचं भाडं मी देतो म्हटलं. बोलायचं होतं तिथं बोललो नाही, म्हणून देतो आहे, हे त्यांना सांगितलं नाही. उद्या सुट्टी आहे, सकाळीच जाऊन पाठवतो. साडेसहा हजार रुपये.