वन्संसाठी शेंग

सांगली, शुक्रवार, १ मार्च १९७४

होळीनंतर कोयनानगरला जायचं आज नक्की झालं. वन्संना मीच पत्र टाकलं, तुम्हीही चला म्हणून. हे चकितच झाले. "ताईला तू बोलावलंस?" व्हय, मीच.

गेल्या साली तिथं मी पांगाऱ्याला पळस म्हणाले. चुकलंच माझं. पण चारचौघांत हसून वन्सं म्हणाल्या, "जतची ना ती. मेंढरं सोडून तिनं काय बघितलंय?" मग वर्षभर प्रत्येक हळदीकुंकवाला तेच. माझं माहेर आणि मेंढरं.

त्याच दिवशी आम्ही उतरलो होतो त्या बंगल्यामागं एका वेलीवर शेंगा दिसल्या होत्या. सोनेरी, मखमलीसारख्या. मी हात पुढं केला तर म्हातारे माळी ओरडले, "आवं बाई, शिवू नगा. खाजकुयली हाय ती. दोन दिस खाजवत बसाल."

वन्संना तर दिसेल ते तोडून फुलदाणीत ठेवायची हौस. त्या मखमलीपाशी थांबणारच. वाईट वागतेय का मी? वागतेय. त्या विचारतील, "ही कसली गं शेंग?"

मी म्हणेन, मी जतची, मला मेंढरं सोडून काय कळतंय.