ड्रॅकेन्सबर्गला दुखलेले गुडघे

आई, तुझ्या गुडघ्यांची माफी मागायला बसले आहे. हसू नकोस. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुझ्या गुडघ्यांना तर कधी काही झालंच नव्हतं. तरीही मागते आहे. इथे परदेशात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. कुकर झालाय, लेक क्लासला गेलीय, नवरा भाजी आणायला. रॅफल्स प्लेसच्या बँकेत मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. स्वतःची एक कबूल करायला मात्र छत्तीस वर्षं लावली.

तुला आठवत असेलच, पण ते माझ्या तोंडून ऐक. मी चौदा वर्षांची. तू जिल्हा परिषदेत टायपिस्ट, दर रविवारी ऑफिसातल्या सात-आठ जणांना घेऊन सिंहगड चढणारी, पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून. शेजारणींच्या लेखी तू जरा चक्रमच होतीस. त्या डिसेंबरात तुमचा कंपू शिडी घाटाने भीमाशंकरला निघाला आणि मी हट्टाने मागे लागले. पहिल्या शिडीपाशी येतो. लोखंडी शिडी, बाजूला उघडी दरी. मी दोन पायऱ्या चढते, उतरते, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधते. परत दोन पायऱ्या, परत नाडी. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग मटकन दगडावर बसलीस आणि म्हणालीस, "तुम्ही व्हा पुढे. माझे गुडघे आज काही ऐकत नाहीत." "अहो बाई, तुमचे गुडघे?" हेडक्लार्क ओरडलेच. "वय झालं हो," तू म्हणालीस. एकेचाळीस वर्षांची होतीस, आई! मला तुझ्याबरोबर खाली पाठवलं. वाटेत आपण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि तू त्या विषयावर चकार शब्द काढला नाहीस.

पुढच्या वर्षी तोच कंपू हिमालयात निघाला. त्या ट्रेकबद्दल तू दोन वर्षं बोलत होतीस, लोकरीचे मोजेसुद्धा विणून ठेवले होतेस. त्यांनी तुझं नाव यादीतून गाळलं. बाईंच्या गुडघ्यांना झेपायचं नाही म्हणाले, आणि तेही अगदी काळजीने. मोजे तू बाबांना दिलेस. "मेलं त्या थंडीत कोण जाणार," म्हणून पोळ्या लाटायला लागलीस. आणि मी? मी तुझी नक्कल करायचे. गुडघ्यावर हात ठेवून, तोंड वाकडं करून, "आज काही ऐकत नाहीत." मावशीकडे केली, लग्नाच्या पंगतीत केली, माझ्या डोहाळजेवणालाही केली. सगळे पोट धरून हसायचे आणि सगळ्यांत मोठ्याने तू हसायचीस.

आता आफ्रिकेचं सांगते. लेकीची परीक्षा संपली, ती सतरा वर्षांची झाली, आणि नवऱ्याचा एक जुना मित्र जोहान्सबर्गला असतो. तिथून गाडीने ड्रॅकेन्सबर्गच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. आई, तो आपलाच दगड आहे गं! तोच काळा कातळ, तसेच थरावर थर, फक्त सगळं आपल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उंच आणि डिसेंबरात हिरवंगार. अॅम्फीथिएटर नावाचा एक प्रचंड कडा आहे. त्याच्या माथ्यावर सपाट पठार, पठारावरून एक नदी थेट खाली उडी घेते. ती उडी वरून बघायची म्हणून मी तीन महिने लिफ्ट सोडून आमच्या ब्लॉकचे बारा मजले चढत होते. तुला दाखवायची होती म्हण हवं तर. तुझी हिमालयाची हौस माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाही.

नवरा लॉजवर पुस्तक घेऊन बसला. आम्ही दोघी आणि तिथलाच एक वाटाड्या, सकाळी लवकर निघालो. दुपारी गडगडाट सुरू व्हायच्या आत उतरायचं, असं त्याने बजावलं होतं. नागमोडी वाट, मग कड्याच्या पोटातून आडवी चाल. लेक सगळ्यांत पुढे. आणि दोन-अडीच तासांनी समोर साखळदंडाच्या शिड्या, एकीवर एक, कातळात ठोकलेल्या. पाय ठेवला की किंचित हलतात.

लेक चार पायऱ्या चढली आणि उतरली. पाणी प्यायली. रेंज नसलेल्या फोनमध्ये काहीतरी बघितलं. "कॅन लाह, मम्मी, आय कॅन," आमच्याकडच्या पोरांच्या त्या लाह-लाह इंग्रजीत म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं. परत चढली, या वेळी तीनच पायऱ्या. तिची बोटं साखळीभोवती पांढरी पडली होती आणि पोटऱ्या लटपटत होत्या. तिकडे मोठ्या बाईला आदबीने मामा म्हणतात, तसं वाटाड्या मला म्हणाला, "मामा, ढग येतायत. काय करायचं?" मला वर जायचं होतं, आई. मी जाऊ शकले असते, माझे पाय अगदी शिवशिवत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "माझे गुडघे गं. मला नाही जमायचं आज." लेक केवढ्यांदा ओरडली, "अय्या मम्मी! वुई केम ऑल द वे!" पण तिचा चेहरा असा सैलावला की मला तिथेच बसावंसं वाटलं. उतरताना ती गाणी गुणगुणत होती. मी मागे वळून त्या माथ्याकडे बघितलं आणि मला रडू आलं, कारण त्या मोज्यांची किंमत मला तेव्हा कळली.

तू मरेपर्यंत तोंडातून ब्र काढला नाहीस. मी किती टिकले विचार. अकरा दिवस! घरी परतल्यावर इथेच सेरंगूनला मैत्रिणीकडे मराठी मंडळींचं दुपारचं जेवण होतं. मसालेभाताची ताटं हातात घेऊन सगळे आफ्रिकेचं विचारत होते, आणि लेकीने उठून नक्कल केली. गुडघ्यावर हात, वाकडं तोंड. तिला कुणी शिकवली नव्हती गं, तू गेलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती. सगळे हसले. तुला स्मरून मीही हसले. पण आत असा काही संताप झाला की काय सांगू. परतीच्या बसमध्ये मी तडकलेच. "माझे गुडघे ठणठणीत आहेत. पाय तुझे लटपटत होते, कळलं?"

तिने हातातला फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, "आय नो, मम्मी. दॅट डे ऑल्सो आय नो."

"मग सगळ्यांसमोर माझी नक्कल कशाला केलीस?"

"मी आधी जोक नाही केला, तर दे विल आस्क मी, तू का नाही गेलीस वर." आणि मग अगदी हळू, "सॉरी लाह."

ती अकरा दिवसांत सॉरी म्हणाली. म्हणून हे लिहिते आहे. मलाही माहीत होतं, आई. मोठी झाल्यावर उमजलं वगैरे काही नाही. तिथेच, तू दगडावर बसलीस तेव्हाच. तू माझ्याकडे बघितलंस ते मी बघितलं होतं. तुझं नाव यादीतून गेलं त्या दिवशीही माहीत होतं. एक वाक्य बोलले असते, तर तू हिमालयात गेली असतीस. तेवढं एक वाक्य वाचवायला मी आयुष्यभर तुझे गुडघे दुखते ठेवले.

दारात किल्ली वाजतेय, लेक आली असेल. हे पत्र घडी घालून ठेवते. पाठवायला तुझा पत्ता नाही, हे कारण बरं आहे; पण खोटं आहे. तू आज पुण्यात असतीस ना, तरी पाठवलं नसतं. दिवाळीला आले असते, सगळे जमले असते, आणि मी उठून पुन्हा तुझी नक्कल केली असती.