पाचव्या गाण्यातला पक्षी

मु. आगरकोंड, ता. तळा
मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, ५ डिसेंबर २०२५

चि. प्रणाली हिला काकाचा आशीर्वाद.

दत्तमहाराजांच्या कृपेने घरचे सगळे ठीक आहेत. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकत नाही. काल दत्तजयंतीच्या प्रसादाला तीच पुढे होती. वरच्या मळ्यातलं भात झोडून झालं. खाडीकडच्या शेताचं विचारू नकोस. तिथे आता कांदळाचं रान माजलंय आणि पलीकडच्या अंगाने डंपर मुरूम टाकतायत.

तुझा निरोप आमच्या रितेशने फोनवर वाचून दाखवला. संक्रांतीला तुझा अल्बम निघणार आणि त्याआधी पाचव्या गाण्याखाली त्या पक्ष्याचं नाव लिहायचं आहे. तू लिहिलंयस, "लहानपणी आमच्या खाडीत ओरडणारा एक पक्षी, आता ऐकू येत नाही. काका, तुम्हाला नाव माहीत असेल." माहीत आहे. फोनवर सांगणार होतो, दोनदा हातात घेऊन खाली ठेवला.

आधी गाण्यांबद्दल लिहितो. शब्दच नाहीत म्हटल्यावर मला वाटलं होतं आपल्याला काय कळणार. पण पहिलं गाणं लागलं आणि ओहोटीला चिखलातल्या भोकांतून पाणी खाली जाताना जो आवाज होतो तोच तू घशातून काढलास. दुसऱ्यात मिठागरावरचा वारा आहे. आता मिठागर नाही, वारा तेवढा तुझ्याकडे राहिला. चांगलं काम केलंस.

काल दुपारी देवळाच्या मंडपात रितेशने ती सगळी गाणी मोठ्या स्पीकरवर लावली. म्हणाला, गावाचीच आहेत, गावाने ऐकू देत. पुनवेची भरती होती. म्हातारी माणसं सावलीला बसली होती, कोणी पेंगत होतं. कमळकाकू म्हणाली, "पोरीला बोलाया येत न्हाय का? नुस्ती कन्हतंय." सगळी हसली.

मग पाचवं लागलं.

हसणं थांबलं. काळूराम आजा काठी टाकून उभा राहिला. त्याच्यामागे कमळकाकू, मग बाकीचे. कोणी पदर खोचला, कोणी टॉवेल डोक्याला बांधला. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिले.

तुला हे कोणी सांगितलेलं नाही, म्हणून सांगतो. खाऱ्या जमिनीच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं, की जो पहिला पोचेल त्याने त्या खांडीत पाण्याला पाठ लावून बसायचं आणि हाक द्यायची. हाकेला शब्द नसतो. बांधाजवळच्या पहिल्या घराने ओ द्यायची आणि तीच हाक वरच्या घराला द्यायची. तशी ती घराघराने गावात चढते. पहिल्या घराची ओ आल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि ओ आल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही. खांड नसताना ती हाक कोणी देत नाही, पोरांना शिकवतसुद्धा नाहीत.

पहिलं घर आपलं.

स्पीकरवर हाक दुसऱ्यांदा आली. काळूराम आजा मला म्हणाला, "चांग्या, ओ दे ना. पानी काय तुझ्यासाठी थांबंल?"

मी म्हटलं, "आजा, गाणं आहे ते. आपल्या प्रणालीचं."

"गानं कसलं? तिच्या बापाची हाक हाय ती, बाळाजीची. शेवटाला खाली पडते, ती त्याचीच. मी त्याच्यासंगती खांडी बांधल्यात."

तिसऱ्यांदा आली आणि गाणं संपलं. माणसं हळूहळू खाली बसली, एकमेकांकडे न बघता. मी दत्तासमोर उभाच होतो.

संध्याकाळी पाळणा झाला. घरी येताना तुझी आई वाटेत थांबली. म्हणाली, "भावोजी, ती जन्मल्यापासून हाक गेली असंल तर एकदाच. ते गेले तवा. मी माहेरी व्हते आणि तुमी तिला घेऊन तळ्याच्या बाजारात. मग पोरीनं ऐकली कुठं?"

मी पुढे चालू लागलो.

प्रणाली, आम्ही बाजारात गेलो नव्हतो.

श्रावणातली अवस होती, दुपारची भरती. मी ओटीवर बसलो होतो आणि तू माझ्या मांडीवर होतीस, पाच वर्षांची. आदल्या दिवशी दादाचं आणि माझं भांडण झालं होतं. मला न्हावा शेव्याच्या बंदरावर कामाला जायचं होतं, आणि तो म्हणायचा, बांध सोडून कुठे जातोस, बांध गेला तर सगळं गेलं. मला ते बांधाचं ओझं नको होतं. हाक आली तेव्हा माझ्या मनात आलं की जाऊ दे एकदाचं. जमीन खारावली की विकता येईल आणि मी सुटेन. तो मरेल असं मनात नव्हतं. वाटलं, ओ आली नाही की चिडेल आणि उठून घरी येईल.

तो उठला नाही.

तू म्हणालीस, "काका, बाबा ओरडतायत." मी म्हटलं, "बाबा नाही गं, पक्षी आहे तो खाडीतला." तू हसलीस आणि तशीच हाक काढून दाखवलीस. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. वारा खाडीच्या दिशेने होता, वरच्या घरांना काही कळलं नाही. तीन हाका आल्या. तुझ्या गाण्यातही तीनच आहेत, दोन हाकांत अंतरही तेवढंच आहे. मी ते बावीस वर्षं मोजतो आहे.

शेतात पाणी दिसून लोक जमले तेव्हा मी सांगितलं की आम्ही बाजारातून आत्ताच आलो. तू लहान, तुला कोणी विचारलं नाही.

तर पक्षी नव्हता. तिथे बाळाजी काळे, राहणार आगरकोंड, असं लिही. ऐकू आला नाही असं मात्र लिहू नकोस. गाणं ठेवायचं की काढायचं, आणि माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

सकाळी तुझी आई चहा न घेता बाहेर पडली. रितेश म्हणाला, बांधाकडे गेली. ओटीवरून मला ती दिसते. जिथे खांड पडली होती तिथे ती पाण्याकडे पाठ करून बसली आहे. पाणी चढतंय. दोनदा माणूस पाठवला, उठत नाही.

एवढं लिहिलं आणि हाक आली. रितेशचा फोन माझ्याजवळच पडला आहे, बंद आहे. शेवटाला खाली पडणारी हाक आहे. वहिनीची की कोणाची ते इथून सांगता येत नाही.

दुसरी आली.

पत्र घडी करून देव्हाऱ्यात ठेवतो. मला उशीर झाला तर रितेश पोस्टात टाकेल. मी ओ देऊन निघतो आहे.

त्या दिवशी घरात असलेला,
चांगदेव