उस्तादांना आराम

१० नोव्हें., सोम.
आन वर मलाच म्हणतो, "तूच व्हय म्हणलास की." भागवतदादाचं हे कायमचंच. फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी झाला म्हणून शब्द वाकवायचे का? गेल्या बुधवारी ग्रुपवर त्यानंच टाकलं, "उस्तादांना आराम द्यायचा का? कमिटीनं कळवा." म्या गावात नसलो तरी कमिटीत नाव हाय. इथं मोरबीत टाइलच्या भट्टीपाशी उभा, हातात ग्लोज. हमीद उस्तादांना ताप हाय हे ऐकून होतो. वाटलं, एखादी मॅच घरी पडतील, औषध घेतील. व्हय टाकलं. आपल्याकडं आराम म्हणजे दुसरं काय असतं?
तर आराम म्हणजे काढून टाकणं. बारा वर्षं कोच असलेला माणूस, निम्म्या लीगमदी. पाच व्हय, चार न्हाय. पाचवा मी.
कमिटीतला शिवा एकटा भांडला म्हणं. "चालू हंगामात बॉयलरवरचा माणूस बदलतंय का कुणी?" उस्तादांची सगळी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर गेली, म्हणून सगळे हसले.

११ नोव्हें., मंगळ.
गण्याचा फोन. म्हणलं उस्तादांसाठी वाईट वाटत असंल. कुठलं काय. "दादा, सोलापूरचे नवे कोच सर आले. रविवारी मी गोलात." आपला गोलकी तोच, पण उस्तादांनी त्याला तीन मॅच बाहेर बसवलं. तिन्ही हरलो. त्यावरूनच तर हे सगळं.
"का बसवलं होतं रे?"
"म्हाताऱ्याची मर्जी."
लगेच आईच्या शेळीचं सांगाय लागला. धाकटा भाऊ हाय माझा, कधी विषय बदलतो ते मला कळतं.

१३ नोव्हें., गुरु.
दोन दिवस धीर झाला न्हाय. आज उस्तादांना फोन लावला.
"जेवलास का?" पहिलं हेच.
"ताप कसा हाय?"
"आराम हाय आता."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणलं उस्ताद, म्या न कळता व्हय टाकलं. म्हणले, "ठाव हाय. वाचलं तवाच म्हणलं, ह्या येड्याला कळलं न्हाय."
मग सांगितलं. दसऱ्याच्या आधी प्रॅक्टिसला गण्याचं डोकं खांबाला आपटलं. पडून राहिला. उठला तर इचारतो, आज मॅच कुणाबर हाय. दोनदा उलटी. त्यानं उस्तादांकडून शब्द घेतला, आईला न्हाय, दादाला न्हाय, कमिटीला न्हाय. उस्तादांनी एका अटीवर दिला, सोलापूरला जाऊन डोक्याचा फोटो काढल्याबिगर गोलात पाय ठेवायचा न्हाय. हा गेलाच न्हाय. कमिटीनं इचारलं गोलकी बाहेर का, तर उस्ताद म्हणले माझी मर्जी. तेवढ्यावर काढलं त्यांना.
"मग आज मला का सांगताव?"
"आता शिट्टी माझ्या हातात न्हाय ना बाबा."
जेवण गेलं न्हाय.

१६ नोव्हें., रवि.
कालपासून गण्या फोन उचलंना. सुपरवायझरला पोट दुखतंय म्हणून रूमवर थांबलो. शिवानं व्हिडिओ कॉल लावला. जिंकलो. दोन शून्य. गण्यानं पेनल्टी अडवली, त्याला खांद्यावर घेऊन नाचले. ग्रुपवर भागवतदादा, बघा बदल केला म्हणून जमलं.
म्या मॅच बघितलीच न्हाय. नुसतं त्याचं डोकं बघत होतो. कॉर्नर आला की डोळे मिटायचो. एकदा खांब धरून उभा राहिला, लई वेळ. बाकी कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. रस्त्यावर उसाची रिकामी ट्रॉली होती, तिच्यावर उस्ताद उभे. ग्राउंडमदी पाय ठेवला न्हाय त्यांनी.
संध्याकाळी गण्यानंच फोन केला. "कशी झाली दादा?"
"डोकं कसं हाय?"
"सांगितलं व्हय म्हाताऱ्यानं." मग हसून म्हणतो, "दुसऱ्या हाफला बॉल दोन दिसत होते. खालच्यावर उडी मारली, तो खरा निघाला."

१८ नोव्हें., मंगळ.
भागवतदादाला सगळं सांगितलं. "अरे आत्ता कुठं जिंकलोय. ह्या रविवारची होऊ दे, मग बघू." मग काय बघणार तो.
नव्या सरांचा नंबर शिवाकडून घेतला. वाटलं होतं उडवून लावतील. माणूस वाईट न्हाय. सगळं ऐकलं. "मला कुणी बोललंच नाही हो. पोरगा म्हणतो मी ठणठणीत. तुम्ही डॉक्टरचा कागद आणा, मी त्याच मिनिटाला बाहेर बसवतो. नुसत्या फोनवर बसवलं तर कमिटी मलापण आराम देईल." हसले. मला हसू आलं न्हाय.
आई म्हणती, गण्या दोन हाका मारल्याबिगर ओ देईना, मोबाइलनं येडा केलाय. म्या व्हय म्हणलं. तिला काय सांगू.

१९ नोव्हें., बुध.
सुट्टी मागितली. महिना संपेपर्यंत न्हाय. ह्या वर्षातली ही तिसरी कंपनी, हितनं बी पळालो तर पुढं कोण घेणार. तरी निम्मी बॅग भरून ठेवलीय. जाऊन तरी काय, आज निघालो तर मॅचच्या आधी पोचंन, पण गण्या माझं ऐकतो कुठं. उस्तादांचं ऐकायचा.

२१ नोव्हें., शुक्र.
उस्ताद स्वतःहून म्हणले, उद्या पहिल्या यष्टीनं मी त्याला सोलापूरला नेतो. "मी फाट्यावर थांबतो. आला तर आला." ज्यांना आमी काढलं तेच.
गण्याला सांगितलं. ओरडला. "उद्याची प्रॅक्टिस चुकली तर रविवारी सर खेळवणार न्हायत. तुला हेच पाहिजे ना. तू तिकडं बसून एक व्हय टाकतोस, आमी हितं भोगायचं." म्या म्हणलं भोग, पण जा. मागं आईचा स्टो वाजत होता. मग म्हणला, "बघतो."
बारकं असल्यापासून बघतो म्हणतो. कधी जातो, कधी न्हाय.
परत लावला, उचलंना. फोटोचं किती होतं ते उस्तादांनी इचारून ठेवलंय. पैसे गण्याच्या फोनवर टाकले तर बूट घेऊन बसंल. उस्तादांच्याच नंबरवर टाकतो. फोटोचे साडेतीन हजार, दोघांच्या यष्टीचे आन जेवणाचे पाचशे. चार हजार.